एरंडोलच्या माणसाची शिंदखेड्यातली मूठ

कानबाईच्या रोटाचे गहू मोजायला बसलो आणि आमचं शिंदखेड्याला जायचं ठरलं. रोट माहीत नसेल त्यांना सांगते. आम्ही खानदेशातले लोक श्रावणात कानबाई बसवतो. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू दळायचा. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, परक्याला द्यायचा नाही. आमच्याकडे एक मूठ जास्तीची. ती माझ्या सासऱ्यांची, दगाजींची. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत कैद झाले एवढंच कळलं, पुढे काही नाही. आमचे हे तेव्हा पोटात होते. सासूबाई मरेपर्यंत कुंकू लावत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "मूठ मोडू नका."

तर यंदा नवी नातसून म्हणाली, "आजी, शिंदखेड्याला माझ्या माहेरीपण एक मूठ जास्तीची असते. एरंडोलकडच्या माणसाची. माझ्या पणजोबांबरोबर इटलीत कैदेत होता म्हणे."

हे हातातला गहू तसाच धरून बसले.

कानबाई बोळवली आणि दुसऱ्या दिवशी निघालो. एरंडोलहून पारोळ्यावरून धुळे, एसटीने. माझं अर्धं तिकीट, यांचं वयामुळे फुकट. धुळ्याला स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. तिखट सोसत असेल तरच रस्सा पुन्हा मागा, मी मागितला आणि पुढे सगळ्या रस्त्याने पाणी पीत गेले. शिंदखेड्याच्या गाडीत दोन्हीकडे कपाशी, पण हे बघतील तर ना.

"काय झालं?"

"दुसराच कोणी निघाला तर? दगा नावाचे खानदेशात काय कमी आहेत?"

नातसुनेचे आजोबा, नाना, ओट्यावरच बसले होते. पोहे आले. नाना सांगू लागले. छावणीत खानदेशातले दोघंच, त्यांचे वडील आणि दगाजी. श्रावण कधी तेही धड ठाऊक नाही, तरी मिळालेल्या पिठातून दोघांच्या दोन मुठी काढल्या आणि डब्याच्या झाकणावर रोट भाजला. "बा म्हने, रोट खादा, मंग भाऊच व्हयनूत." पुढच्या थंडीत दगाजी तापाने गेले, नानांच्या वडिलांच्या मांडीवर. सुटून आल्यावर ते एरंडोलच्या बाजारात विचारत फिरले, पण गावाचं नाव माहीत नव्हतं, आणि सासूबाई तर तेव्हा यावलला माहेरी.

बोलता बोलता नाना थांबले. यांच्या हाताकडे बघायला लागले. हे पोहे डाव्या हाताने खातात, त्यावरून मी आयुष्यभर बोलत आले.

"दगाकाका बी डावा हाते खाये. बा त्याले हासे."

नानांनी घरात हाक मारली, "रोट आन वं. घरनाच मानूस शे."

यांनी तो तुकडा कितीतरी वेळ चावला. सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी होती, आमच्यापेक्षा चांगली, पण ते सुनांना सांगितलेलं नाही.

पितृपक्षात यांनी वडिलांच्या नावाने पहिल्यांदा पान वाढलं. सुनेने विचारलं, "मग आता ती जास्तीची मूठ बंद करायची?"

"कशाला? त्यांची तिकडे पडतेच आहे," हे म्हणाले. "आपल्याकडे आता नानांच्या वडिलांची."