टॅबिथाची शाळा

डॉर्कस ग्रुबरबद्दल आमच्या गावातल्या बायका तोंड भरून कौतुक करतात. चारही मुलं घरीच शिकवली, आणि काय शिकायचं ते मुलांनीच ठरवायचं, हा तिचा नियम. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी चर्चमधून आलं की प्रत्येकाने आपला प्रकल्प लिहून फ्रिजवर लावायचा. थोरल्याने मधमाश्या पाळल्या. मधल्या जुळ्यांनी होडी बांधली, ती बुडाली, तरी हिने टाळ्या वाजवल्या. मग गेल्या वर्षी नऊ वर्षांच्या टॅबिथाने लिहिलं, "शाळा. तिथे जाऊन बघायची."

मुलं वर्षभर काय शिकली ते तपासून सही करायला आमच्या पेनसिल्व्हेनियात बाहेरचा शिक्षक लागतो. ग्रुबरांकडे ती मी, निवृत्त मास्तरीण. मी सही अडवली तर मुलीला शाळेत घालायची पाळी येते, हे डॉर्कसला पक्कं ठाऊक.

जूनमध्ये ग्रुबरांच्या स्वयंपाकघरात बसून मी टॅबिथाची फाइल उघडली. तळघराचा फोटो. भिंतीकडे तोंड केलेलं एकच बाक, वर घंटा, बाजूला बारकी खिडकी.

"शाळेत नेलं नाहीस?" मी डॉर्कसला विचारलं.

"शाळाच घरी आणली की! सहा आठवडे. मी बाई, टॅबिथा विद्यार्थिनी, भाऊ म्हणजे वर्ग. प्रकल्प तिचा हं, मी आपली मदत केली."

पुढे पोरीच्या अक्षरातली रोजची नोंद. 'आज बाईंनी घंटेआधी बाथरूमला जाऊ दिलं नाही. फ्रॉक ओला झाला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खिडकीशी उभी होते. बाई वर्गाला म्हणाल्या, हसा. सगळे हसले.'

ही शाळा माझी होती. पस्तीस वर्षांपूर्वीचा दुसरीचा वर्ग, आणि खिडकीशी ओल्या फ्रॉकमध्ये उभी केलेली छोटी डॉर्कस. "हसा," असं मीच म्हणाले होते पोरांना. शिस्त लागावी म्हणून! डोंबलाची शिस्त.

"काही राहिलं का, बाई?" डॉर्कसने गोड आवाजात विचारलं. "जेवढं आठवलं तेवढं केलं."

"अगं, पोरीचा काय दोष?"

"माझा काय होता?"

डॉर्कस कॉफी ओतत म्हणाली, "सही अडवा ना खुशाल. फाइल शाळेच्या लोकांपुढे जाईल. कुणाकडून शिकले ते मी नावासकट सांगेन."

मी टॅबिथाला बोलावलं. हात मागे बांधून ती टेबलापाशी उभी राहिली.

"शाळेत जायचंय का गं अजून?"

"नको, बाई."

"मग पुढच्या वर्षी काय करणार?"

"आई सांगेल ते."

"वेडी! ठरवायचं तूच, राणी," म्हणत डॉर्कसने तिचा पापा घेतला.

त्या पोरीला तिथून बाहेर काढायला मी फक्त पेन खाली ठेवायला हवं होतं. गाव काय म्हणेल, ही भीती मला तिच्यापेक्षा मोठी वाटली. मी सही केली, तारीखही घातली. लाज वाटते सांगायला.

फाइल मिटली तेव्हा टॅबिथाने हात वर केला. "बाथरूमला जाऊ?"

"मला काय विचारतेस?" डॉर्कस म्हणाली. "खऱ्या बाई इथे बसल्यात. त्यांना विचार."

पोर माझ्याकडे वळली. हात वरच होता, गुडघे एकमेकांना चिकटलेले.

"जा," मी म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत ती जागची हलली नाही.