मे महिन्यातलं स्वेटर

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. नव्हता म्हणा... आदिलाबादच्या एका मुलींच्या कॉलेजात मी कम्प्युटर शिकवतो, जैनथहून रोज बसनं येतो, आणि लिंबू-मिरची टांगलेल्या ऑटोत बसलो तरी मला हसू येतं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. लॅब वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रे. तिथं युनिक्सची एक जुनी मशीन होती. आधीचे लॅबवाले सर रिटायर झाल्यापासून ती कोणी चालवलीच नव्हती. प्रिन्सिपल मॅडमनी ती माझ्या गळ्यात मारली. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार, मुलींनी लिहिलेले प्रोग्राम तिच्यावर कंपाइल होऊन स्क्रीनवर त्यांच्या विंडो उघडल्या पाहिजेत. नाही उघडल्या तर माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. घरी दोन महिन्यांची लेक!

तीन दिवस मी कंपायलर टाकला, विंडो उघडायला लागणाऱ्या फायली, म्हणजे लायब्रऱ्या, टाकल्या, त्यांचे पत्ते दिले, पुन्हा दिले. दर वेळी एकच उत्तर — लायब्ररी सापडत नाही. अरे बाबा, समोर आहे की! फोल्डरमध्ये मला दिसत होती, मशीनलाच दिसत नव्हती. शनिवारी दुपारी तर रडायचाच बाकी होतो.

आमचे अटेंडर लक्ष्मणकाका फडकं घेऊन बराच वेळ बघत उभे होते. म्हणाले, "सर, नव्या हाताले म्हैस पान्हा सोडते काय? ओळखीचा कपडा आंगावर घ्या लागते. ते स्वेटर घाला."

खुंटीवर एक चॉकलेटी स्वेटर लटकत होतं, जुन्या सरांचंच असणार. आता, आई माहेरी गेली की बाबा तिचं लुगडं अंगावर घेऊन धार काढायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण कम्प्युटर म्हणजे म्हैस आहे का? मी चिडलोच. काकांनी स्वेटर आणून खुर्चीवर ठेवलं.

शेवटी घातलं, त्यांचं समाधान म्हणून. बाहेर ऊन पेटलेलं. तीच कमांड दिली, एक अक्षर न बदलता... आणि विंडो उघडली.

योगायोग म्हटलं. काढलं — लायब्ररी सापडत नाही. घातलं — विंडो. पाच वेळा करून पाहिलं. वायरी हलवल्या, मशीन बंद-चालू केली, सगळं झालं; फरक पडायचा तो स्वेटरनंच.

सोमवारी परीक्षकांसमोर मी स्वेटर घालून, घाम निथळत बसलो. त्यांनी विचारायच्या आत मॅडमच म्हणाल्या, सरांना थंडीताप आहे. सगळ्या मुलींचे प्रोग्राम चालले. कॉन्ट्रॅक्ट वाचलं. खोटं कशाला सांगू, घरी जाताना बसमध्ये डोळे पुसले मी.

संध्याकाळी जुन्या सरांना फोन केला, म्हटलं तुमच्या स्वेटरनं तारलं.

"माझं कुठलं स्वेटर?" ते म्हणाले. "ते लक्ष्मणचं. थंडीत सकाळी तेच घालून यायचा, आणि सगळ्यात आधी त्या मशीनला पुसायचा. मी गेल्यावरही पुसतच असेल."

दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाले, तुमी इचारलंच न्हाई.

यात काय झालं असेल, तुम्हीच डोकं चालवा. मी चालवून थकलो. माझी काळजी वेगळीच आहे. पुढच्या महिन्यात काका रिटायर होतात. परवा मी हात जोडून म्हटलं, काका, कॉलेजची शाल घेऊन जा, पण स्वेटर इथंच राहू द्या.

काकांनी मशीनवरून एकदा फडकं फिरवलं.

"ठेवतो सर," म्हणाले, "पन धुवू नोका."