पिवळीचा मूळ रंग

नववीत शाळा सोडून मुंबई गाठली तेव्हा मला धड पंक्चरही काढता येत नव्हतं. आज मी मालकांच्या दोन जुन्या इटालियन गाड्या सांभाळतो. त्यांनी पहिल्यांदा किल्ली हातात दिली तेव्हा ती पडेल या भीतीने मी मूठच उघडेना. ती भीती अजून आहे.

एक लाल, एक पिवळी. दोघींचंही इंजिन पाठीमागे, बारा सिलिंडरचं. लाल रुंद, दोन्ही कुशींना आडव्या पट्ट्या. चालवायला गरीब, कितीही पळवा, दमत नाही. पिवळीचे दरवाजे आभाळाकडे उघडतात. क्लच दाबून मांडी भरून येते, मागचं काही दिसत नाही. पण एकदा का ती ओरडायला लागली, की अंगावर काटा येतो. लांब पल्ल्याला मी लालच घेईन. संग्रह करणारे मात्र पिवळीवर जीव टाकतात. लाल एकदा नव्याने रंगवलेली आहे, पिवळीवर अजून कारखान्यातलाच रंग. त्यावर एक डाग पडला, की मूळ रंगाचा मान गेला.

दसऱ्याच्या दिवशी मालक आणि मी दोघींना ट्रकमधून नागपूरच्या प्रदर्शनाला नेत होतो. मेहकरजवळ ढाब्यावर थांबलो, तर चिखलीकडून आई आणि मामा जीपने भेटायला आलेले. आईच्या हातात पूजेचं ताट. मालक म्हणाले, "उतरव दोन्ही. आज दसरा आहे."

मामा आयुष्यभर बैल पारखत आलेला. दोघींभोवती फिरून म्हणाला, "हे लाल पटाच्या शर्यतीत पयाची. अन् हे पिवयी पोयाच्या सणाले मिरवाची."

तेवढ्यात आईने लालच्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलंसुद्धा. मग ती पिवळीकडे वळली. सणाच्या दिवशी आईला नको कसं म्हणायचं? तरी तिचं मनगट धरलंच.

"आई, हिले नको."

"काऊन रे बाबू? थे पोटची अन् हे सावत्र काय?"

"हिचा रंग जपा लागते. कुकवाचा डाग निंगत नाही."

मामा म्हणाला, "नवरीच हाय म्हन ना बे. पन नवरीले तं हयद लावतेत."

मालक ट्रकला टेकून बघत होते. आईचं कुंकवाचं बोट बॉनेटवर तसंच अधांतरी. टोकाला थेंब जमत होता. मी खाली तळहात धरला. तो थेंब हातावर पडला.

आईने माझ्या हाताकडे पाहिलं. "आपल्या बैलाचा खांदा सोलला होता, त्या पोयाले काय केलं होतं मी?"

"खुरांले लावलं होतं."

"मंग हिचे पाय कुठी गेले?"

ती खाली बसली आणि चारी टायरांना कुंकू लावलं. मालकांनी वाकून ताटाला नमस्कार केला.

नागपुरात परीक्षकाने पिवळीच्या बॉनेटवर बॅटरी मारून इंच इंच पाहिलं. शेवटी तो टायरशी वाकला.

"हे लाल काय?"

"आमच्या आईनं पाय पुजले तिचे," मी म्हणालो.


तो हसला आणि पुढे लिहीत राहिला. कागदावर 'रंग' या रकान्यात त्याने 'मूळ' असं लिहिलेलं मी वाचलं, आणि आईला फोन लावायला बाहेर पळालो.