करसवलत आणि आम्ही तीन भावंडं

आईला अर्धांगाचा झटका आल्यापासून ती नाशिकला माझ्याकडे असते. मी शाळेत शिकवते, म्हणून दिवसभर तिच्यापाशी एक मावशी येतात. त्यांचा पगार, औषधं, डायपर, सगळा खर्च आम्ही तिघं भावंडं सारखा वाटून घ्यायचो. दादा सिन्नरच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. धाकटी हरसूलकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका. तिघांचा वाटा सारखा, यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

आयकरात मोठी सवलत जाहीर झाली त्या दिवशी दोघंही आईला भेटायला आली होती. टीव्ही चालू होता. माझा कर जवळजवळ संपणार होता. दादाचे पैसे तर माझ्याहून कितीतरी जास्त वाचणार होते. तो खुशीत म्हणाला, "चला, एकदाचं सगळ्यांचं भलं झालं!"

धाकटी आईला कुशीवर वळवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "माझं काय सुटलं, दादा?"

"तुला कर होताच कुठे?"

"होता की. येताना आईचे डायपर आणले, मलम आणलं. त्या बिलात कर होताच. तू भरतोस तेवढाच. त्यात सूट आहे का?"

दादाचा चेहरा उतरला. "माझा पगार हातात पडायच्या आधीच कापला जातो गं. घराचा हप्ता आहे, पोरीची फी आहे. मी काय कुणाचं लुबाडतोय?"

"तसं कोण म्हणालं? मी फक्त माझं विचारलं."

मला दोघांचंही पटत होतं. दादा गॅलरीत जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा आवाज नरमला होता. "पुढच्या महिन्यापासून तू काही देऊ नकोस. तुझा वाटा मी भरतो."

मला वाटलं, विषय मिटला. पण धाकटी उसळली. "का? आई माझी नाही? मला वगळू नकोस."

आई रडायला लागली. झटक्यानंतर तिला लगेच रडू येतं, शब्द मात्र फुटत नाहीत. तिनं चांगला हात पुढे केला, तसा दादा खाटेवर टेकला. मग मीच म्हणाले, "ज्याची जशी मिळकत, तसा वाटा ठेवू. म्हणजे कुणीच सुटत नाही."

धाकटी आईचे डोळे पुसत म्हणाली, "चालेल. पण माझा कमी आहे म्हणून कुणी विसरायचा नाही. दर महिन्याला मागून घ्यायचा."

दादानं मोबाईलवर हिशेब केला. खर्चाचा निम्म्याहून जास्त भार त्याच्यावर येत होता. क्षणभर त्याच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली. पण त्यानं आकडा बदलला नाही.

त्यानंतर धाकटी दर रविवारी यायला लागली. आधी महिन्यातून एकदाच यायची. मला वाटायचं, कामातून सवड होत नसेल. जीपचं आणि एसटीचं भाडं परवडत नव्हतं, हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता ती आईला न्हाऊ घालते, वेणी घालते. दादा आला की दोघांचा करावरून वाद होतोच. अजून कुणीच माघार घेतलेली नाही.