दोन्हीकडचं सारखंच

मी क्वांटम संदेशवहनातल्या नेटवर्क कोडिंगवर संशोधन करते. दोन निरोपांना वाट एकच असली, की दोन्ही मिसळून एकच पाठवायचा. ज्याच्याजवळ आधीपासून थोडी माहिती असते, तो त्यातून आपला निरोप बरोबर वेगळा काढतो. शिवाय क्वांटम निरोपाची नक्कल काढता येत नाही. हे परतूरला सांगितलं की लोक हसतात. आमच्या गल्लीत नक्कल आधी पोचते, निरोप मागून येतो.

याला कारण आमचे मामा. ते मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बसतात आणि त्यांचा फोन कायम स्पीकरवर. माझ्या लग्नाची बोलणी त्यांच्याच हाती होती. मुलगा शहागडचा, नोकरी जालना एमआयडीसीत, बियाण्यांच्या कारखान्यात. मला तो फार आवडला होता. नकार आलाच तर अख्ख्या मोंढ्याने ऐकू नये, म्हणून मी मामांना माझी विद्या शिकवली: दोन्ही घरी जाऊन उत्तर घ्या आणि फोनवर फक्त सारखं की वेगळं, एवढंच सांगा. स्वतःचं उत्तर माहीत असलं की समोरचं आपोआप कळतं. मग मी आईजवळ 'हो' म्हणाले आणि वाट बघत बसले.

रविवारी मामांचा फोन आला. "दोन्हीकडचं बराबर सारखंच हाय!"

मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. बाहेर आले तर बाबा तोंड पाडून बसलेले.

"जाऊ दे बाई, दुसरं स्थळ पाहू."

"दुसरं कशाला?"

"तू एवढी शिकलेली. तू न्हाईच म्हणशील वाटलं. मंग म्हणलं, त्यांच्याआधी आपणच न्हाई सांगून टाकावं. तिकडूनबी न्हाईच आलं."

आईने माझं 'हो' पोटातच ठेवलं होतं. चांगला वार बघून सांगणार होती. मला दोघांचाही भयंकर राग आला आणि रडूच कोसळलं.

तेवढ्यात त्या मुलाचाच फोन. "मी आमच्या आईजवळ हो म्हणलो होतो. सारखंच हाय, मंग तुमचंबी हो ना?" गडी खुशीत होता. "फक्त आमचे बाबा का तोंड पाडून बसून राह्यले, ते कळंना."

मला मात्र लगेच कळलं. शिकलेली पोरगी नकार देईल या धास्तीने त्यांनीही पोराला न विचारता आधीच नाही कळवलं होतं. माझी सगळी विद्या दोन बापांनी मिळून पाण्यात घातली होती, आणि उत्तर तरीही बरोबर आलं होतं.

डोळे पुसून मी म्हणाले, "बाबा, त्यांच्या बाबांना फोन लावा."

"आता कोणत्या तोंडानं लावू? सांगू काय?"

"आमचंबी तुमच्यासारखंच झालं म्हणा."