खूणमास्तरांचा बाण

डोंगरातल्या जंगलवाटांवर दगडांना आणि झाडांना पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्या ओढायचं काम बावीस वर्षं एकच माणूस करत होता. वनखात्याच्या कागदांत त्यांचा हुद्दा वाट-देखभालीचा होता, पण जीपवाल्यांनी त्यांचं नाव पाडलं होतं खूणमास्तर. मास्तर, कारण ते रंगवत कमी आणि शिकवत जास्त. नवा गाईड तावडीत सापडला की त्याची सुटका नसे. खूण लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी, जुना रंग तारेच्या ब्रशनं खरवडल्याशिवाय नवा द्यायचा नाही, आणि सगळ्यांत मोठा नियम, खुणा चढतानाच रंगवायच्या. चढणाऱ्याच्या पायांनी जायचं, चढणाऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं. उतरणारेसुद्धा वाट चुकतात, पण मास्तरांपुढे तसं बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्यांची सगळ्यांत गुणी विद्यार्थिनी म्हणजे त्यांच्या बहिणीची मुलगी. भाचीला त्या वर्षीच गाईडचा बिल्ला मिळाला होता. आईपेक्षा मामालाच त्याचा जास्त तोरा. ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, "हिला वाट मी शिकवली."

त्याच वर्षी मास्तरांच्या गुडघ्यानं दगा दिला. दोन महिने चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. वनखात्याच्या साहेबांना सांगितलं असतं तर दुसरा माणूस मिळाला असता. पण आपला ब्रश दुसऱ्याच्या हाती द्यायचा म्हणजे मास्तरांच्या जिवावर आलं. त्यांनी खात्याच्या जीपवाल्याला गाठलं. डोंगराच्या मागच्या अंगानं लाकडं ओढायचा जुना कच्चा रस्ता आहे, माथ्यावरून तो पायवाटेच्या कडेकडेनं खाली उतरतो. त्या रस्त्यानं जीप पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत, चाकं चिखलात घसरवत माथ्यावर गेली, आणि मग मास्तर एकेका खुणेपाशी उतरत, रंगवत, पुन्हा जीपमध्ये बसत खाली येऊ लागले. ज्या माणसानं जगाला एक नियम घोकवला, त्यानंच तो मोडला, आणि वर जीपवाल्याला तंबी दिली की हे कुठे बोलायचं नाही.

अर्ध्या डोंगरात पायवाट फुटते. चढणाऱ्याच्या उजव्या हाताची वाट पठारावर जाते. डाव्या हाताची जरा वर गेल्यासारखं करते आणि घळीत उतरून संपते. दोन्हींच्या मधे जमिनीत रुतलेली सपाट शिळा आहे, बाण तिच्यावर असतो. मास्तरांनी जुना बाण खरवडून साफ केला आणि बावीस वर्षांच्या सवयीनं नवा काढला, उजवीकडे. फक्त या वेळी त्यांचं तोंड उताराकडे होतं. त्यांचं उजवं ते चढणाऱ्याचं डावं. हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. बाण कसा सरळ आलाय बघ, असं त्यांनी जीपवाल्याला दाखवलंही.

पुढच्या रविवारी भाची अकरा जणांना घेऊन निघाली. या वाटेवर ती पहिल्यांदाच पुढारपण करत होती. धुकं असं की चार पावलांपुढचं दिसेना. तिनं बाण पाहिला, आणि मामांचा बाण म्हटल्यावर दुसरा विचार केला नाही. घळीतल्या निसरड्या दगडांवरून एक बाई पडल्या आणि त्यांचा घोटा मोडला. त्यांना आळीपाळीनं उचलून पायथ्याच्या जीपपर्यंत आणायला तीन तास लागले.

संध्याकाळी ऑफिसात भाचीनं सांगितलं, बाण डावीकडे होता. परवा जाऊन बघू, साहेब म्हणाले. मास्तर तिथंच बाकावर बसले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे ती शिळा आली, जीप कुठे उभी होती ते आलं, आणि आपलं तोंड उताराकडे होतं हेही आलं. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. बोलायला लागलं असतं एकच वाक्य. मास्तरांनी चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते जीप घेऊन फाट्यावर गेले. आणखी कुणी चुकायला नको, असं स्वतःला बजावत त्यांनी डावा बाण खरवडला आणि उजवा काढला. कारण खोटं नव्हतं. पण रंग जरा सुकल्यावर त्यांनी मूठभर माती घेऊन त्यावर चोळली, नवा बाण जुना दिसावा म्हणून. ती माती काही कुणाचा पाय मोडू नये म्हणून नव्हती.

ठरल्या दिवशी साहेब भाचीला घेऊन आले. बाण उजवीकडे. शिळेपाशी साहेबांनी विचारलं, "मास्तर, हा बदललाय का?"

"दिसतोय तोच आहे," मास्तर म्हणाले.

भाची शिळेजवळ बसली, बाणावरून एकदा बोट फिरवलं आणि मान खाली घालून उभी राहिली. साहेबांनी तिचा बिल्ला तिथंच काढून घेतला.

त्यानंतर मास्तरांना घास गोड लागेना. जीपस्टँडवर त्यांचा उदोउदो चालला होता, बघा, सख्ख्या भाचीचीसुद्धा बाजू घेतली नाही, माणूस असावा तर असा. मास्तरांना वाटे, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. त्यांना उताराला नेणारा जीपवाला तेवढा जवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, मी काही पाहिलं नाही." त्या दिवसापासून मास्तर स्टँडवरून जायचे बंद झाले. बहिणीच्या घराची गल्लीही त्यांनी सोडली.

बाराव्या दिवशी भाची आपण होऊन घरी आली. मास्तरांना वाटलं, आता ही जाब विचारणार. एका परीनं त्यांना बरंच वाटलं. पण ती दारातच उभी राहून म्हणाली, "मामा, राग धरू नका. तुमच्या खुणेला मी नावं ठेवली. धुक्यात माझंच बघणं चुकलं असणार. आता तर घरातून निघताना पण मी उजवा हात वर करून बघते, हाच का उजवा म्हणून."

 मास्तरांनी तिला चहा दिला. तिनं तो प्यायला, कप धुऊन ठेवला आणि गेली. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. बिल्ला जाऊ दे, पोरीचे धडधाकट डोळेच आपण काढून घेतले, हे त्यांना तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच ते पायरीवर बसून होते. त्यांनी सगळं सांगितलं, मातीसकट.  साहेब म्हणाले, रंगाचे डबे जमा करा. मास्तरांनी रंगाच्या खोलीची किल्ली आणि ब्रश टेबलावर ठेवले आणि एकच मागितलं, बिल्ला मला नेऊन देऊ द्या.

बहिणीच्या घरी त्यांनी तो भाचीसमोर धरला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. बहीण मधेच उठून आत निघून गेली. भाचीनं सगळं ऐकून घेतलं, पण बिल्ला घेतला नाही.

"त्या बाईंकडे मी तीनदा जाऊन माफी मागून आले," ती म्हणाली. "आता तुम्ही जा. बिल्ला मग बघू."

त्याच दुपारी मास्तर त्या बाईंच्या दारात उभे राहिले. बाई कुबडी घेऊन दाराशी आल्या. पाय अजून प्लास्टरमध्ये होता. वाटांवरच्या खुणा रंगवणारा मी, असं मास्तरांनी सांगितलं, आणि पुढचं वाक्य जुळवत राहिले. बाईंचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे तुम्ही तिचे मामा. या ना, आत या. तीनदा आली बिचारी, आणि दर वेळी एकच सांगून गेली, चूक माझी आहे, मामांच्या खुणेला दोष देऊ नका."

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. मास्तर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "चूक तिची नाही, बाण मीच उलटा काढला होता."