पोपटाला सांग

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, भांडणाऱ्या लोकांत समेट घडवायचा म्हणजे तू परदेशात नेमकं काय करायचीस?" मी म्हटलं, "टेबलावर लाकडी पोपट ठेवायची." तुम्ही हसलात. तुमची आई म्हणाली, आजीला आता झोपू द्या. म्हणून क्रमानं लिहिते. क्रम सोडून मला काही जमत नाही. सुट्टीत तुमच्या आंघोळींचंसुद्धा मी वेळापत्रक लावत असे.

पोपट निर्मल गावच्या लाकडी खेळण्यांतला, हिरवा, लाल चोचीचा. माझ्या लग्नात माहेरहून आला आणि आदिलाबादच्या घरी ओसरीवरच्या कोनाड्यात बसला. सासरे माझ्याशी बोलत नसत. राग नव्हता, रीत होती: सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, सुनेनंही नाही. इतर घरांत अशा वेळी एखादं लहान मूल मध्ये घेत. आमच्याकडे मूल नव्हतं आणि निरोप पोचवायला सासूबाई तयार नव्हत्या. म्हणून सासऱ्यांनी पोपट मध्ये घेतला.

"पोपटा, आज वरणात मीठ नाही वाटते."

"आहे, पोपटा. मामंजी चष्मा शोधतात तसं त्यांनी मीठही शोधावं."

सासरे निजामाच्या अमलात तहसील कचेरीत पेशकार होते. साहेबापुढे कागद वाचायचे. तो अमल गेला. मग राज्यांची फेररचना झाली. किनवट, राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्रात राहिलो, आणि सासऱ्यांची उर्दू त्यांच्याबरोबर घरी येऊन बसली. मी हैदराबादेत बी. ए. झालेली. रोज सकाळी इंग्रजी पेपर मी पोपटाला मराठीत वाचून दाखवी. सासरे पाठमोरे बसून ऐकत आणि मध्येच म्हणत, "पोपटा, किनवट गेलं ते काल झालं. पुढचं विचार."

अशात मला नोकरी चालून आली. नव्या विकास गटाला खेड्यांतल्या बायकांसाठी काम करणारी बाई हवी होती; मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू येणारी. जीपनं इंद्रवेल्लीकडच्या गावांना जायचं. मला ती नोकरी इतकी हवी होती की त्या दिवशी पेपर वाचताना मी एकच बातमी दोनदा वाचली. पण सासऱ्यांच्या होकाराशिवाय उंबरा ओलांडणं शक्य नव्हतं. तुमचे आजोबा मंचेरियलला नोकरीत. रविवारी येत, "तुमी ठरवा" म्हणत आणि जेवून परत जात.

शेवटी मी पोपटाला सांगितलं.

"पोपटा," सासरे म्हणाले, "घरची सून जीपीत बसून दौरे करून राह्यली, हे बरं दिसते का?"

"जीपला ताडपत्री आहे, पोपटा. काही दिसत नाही."

"इजाजत नाही."

"का ते विचार, पोपटा."

"पोपट असं काही विचारत नसते!"

सासूबाई हातात पळी घेऊन बाहेर आल्या. "त्या मुक्या पाखराच्या मागं दोघंबी काऊन लपून राह्यले?" त्यांनी पोपट उचलला आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकून झाकण लावलं. "आता बोला तोंडानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घेऊन बसले. कोनाडा रिकामा. वाचायचं कुणाला? मी पेपरची घडी घातली. सासरे खाकरले. पुन्हा खाकरले. चहा निवला. विकास गटाच्या साहेबांना त्याच दिवशी माझं उत्तर हवं होतं. सासरे आता उठून आत गेले असते तर माझी नोकरीही त्यांच्यामागून गेली असती.

ते उठले नाहीत. त्यांनी रिकाम्या कोनाड्याकडे तोंड केलं. "कोनाड्या, विचार, जीप किती वाजता निघते. आन् दिवेलागणीच्या आत घरी आणते का."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"आणते, कोनाड्या," मी म्हटलं.

अशी मी बाहेर पडले. आधी गावोगावच्या बायकांची भांडणं आणि त्यांचे हक्क, मग जिल्हे, मग परके देश. तिथे दोन्हीकडच्या बायका समोरासमोर आणल्या की बाकीचे सांगत, एकमेकींच्या डोळ्यांत बघून बोला. ज्यांच्या घरातली माणसं त्या लढाईत मारली गेलेली, त्या कशा बघणार? मी मध्ये पोपट ठेवी आणि म्हणे, पोपटाला सांगा. सहकारी छताकडे बघत. बायका मात्र पोपटाला सुनवू लागत, आणि काय सुनवत! एकदा चहाच्या वेळी कुणीतरी पोपट उचलून तिथे बिस्किटं ठेवली. एक बाई बोलत होती, ती तशीच बिस्किटांना पुढचं सांगू लागली, आणि समोरचीनं बिस्किटांनाच उत्तर दिलं. मी मनात म्हटलं, आता ही बोलणी मोडायची नाहीत.

बघा, क्रम चुकला. पहिल्या दिवसाची संध्याकाळ सांगायची राहिलीच.

दिवेलागणीच्या आत जीपनं मला दारात सोडलं. सासरे ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. मला बघून चटकन बसले आणि पाठ फिरवली. कोनाड्यात पोपट परत आला होता, अंगभर डाळीची भुकटी.

"पोपटा, विचार बरं, तिथल्या बाया काय म्हनल्या?"

मी सांगू लागले. ते विचारत गेले, मी सांगत गेले. आतून सासूबाईंनी जेवायला हाक मारली, दोनदा मारली, मग ताटं घेऊन त्या स्वतःच ओसरीवर आल्या.

"न बोलता इतकं बोलून राह्यले," त्या पोपटाला म्हणाल्या. "बोलत असते तर मले उपाशीच ठेवलं असतं!"